‘आता लागणारच!’चं गणित

आयपीएलची टीम असो की फोनवरची जोडी, हरलेला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो. त्या वाक्यात नेमकं काय चुकतं, हे शोधायला आम्ही तीन ग्लास, तीस चिठ्ठ्या आणि अर्धा किलो शेंगदाणे घेऊन बसलो.

“सत्तेचाळीस गेल्या दीड महिन्यात एकदाही आलेला नाही. आता लागणारच!”

कँटीनमध्ये कटिंग पिता पिता आमचा एक मित्र हे बोलला आणि टेबलावरचे आम्ही चौघं एकदम गप्प झालो. कारण त्याआधीच्या आठवड्यात त्यानं आमच्या प्रत्येकाकडून पाचशे-पाचशे उसने घेतले होते. ‘मेसचे भरायचेत,’ म्हणाला होता. ते मेसचे नव्हते, हे तेव्हा कळलं.

त्याची सुरुवात झाली २०२५ च्या आयपीएलला. रोज संध्याकाळी सात वाजता हातात फोन, अकरा खेळाडू निवडायचे, कॅप्टन-व्हाइस कॅप्टन ठरवायचे, पन्नास रुपये भरायचे. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा’ मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर देशभर बंदी आली. आम्हाला वाटलं, सुटला बिचारा. पण दिवाळीनंतर त्याला कुणीतरी एका ग्रुपमध्ये ॲड केलं. तिथे रोज दोन आकडी ‘जोडी’ लावायची. त्याच्या दृष्टीनं हे काहीतरी नवीन होतं.

मला मात्र ते ऐकल्या ऐकल्या आमच्या घरातली एक वही आठवली.

आजोबांची वही

माझे आजोबा गिरणी कामगार. लालबागला खोली. आमच्या घरी पोटमाळ्यावर त्यांची एक लांबट वही आहे, दुकानदारांकडे असते तशी. त्यात सुवाच्य अक्षरात रोजची तारीख आणि पुढे आकडे. ओपन, क्लोज, जोडी. अशी अकरा वर्षं. लहानपणी मला वाटायचं, हा गिरणीचा हिशेब असेल. मोठी झाल्यावर आजीनं सांगितलं, “गिरणीचा कसला? मटक्याचा.”

मटका हा मूळ मुंबईचाच. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. ओपन-क्लोज हे शब्द तिथूनच आले. ते भाव येणं थांबलं, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून नाव मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव तेच राहिलं. जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, म्हणजे हे सगळं तेव्हाही बेकायदा आणि आताही. तरी गिरणगावात पगाराच्या दिवशी मटक्याच्या अड्ड्यावर गर्दी असायचीच.

मित्राला ती वही दाखवायची ठरवली. सोबतीला माझी मामेबहीण. ती एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करते आणि मी दहावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेला, त्यामुळे ती असणं गरजेचं होतं. रविवारी दुपारी आमच्या खोलीत मित्र, ताई, मी आणि कॉटवर आजोबा अशी बैठक भरली.

‘आणि’ आला की गुणा, ‘किंवा’ आला की मिळवा

ताईनं मटक्याचं नावही न काढता सुरुवात केली. “कँटीनला काय काय मिळतं?”

“वडापाव, समोसापाव, इडली. प्यायला चहा नाहीतर कॉफी.”

“खायला एक आणि प्यायला एक घेतलंस, तर किती प्रकारे?” तीन गुणिले दोन, सहा. “आणि खिशात वीसच रुपये असतील, म्हणजे खाणं किंवा पिणं यातलं एकच?” तीन अधिक दोन, पाच.

“झालं. मोजण्याचे दोन मुख्य नियम हेच. ‘आणि’ असेल तिथे गुणाकार, ‘किंवा’ असेल तिथे बेरीज. बेरजेत फक्त एकच गोष्ट दोनदा मोजली जात नाही ना, एवढं बघायचं. परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्यातली सगळी सूत्रं यातूनच निघतात.”

मग तिनं एक भन्नाट उदाहरण दिलं. पूजेच्या सुरुवातीला गुरुजी ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः’ असं म्हणतात ना? ती नावं चोवीसच का? विष्णूला चार हात. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं. पहिल्या हातात चारांपैकी कुठलंही, दुसऱ्यात उरलेल्या तिनांपैकी, तिसऱ्यात दोनांपैकी, चौथ्यात उरलेलं एक. ४ × ३ × २ × १ = २४. मूर्तिशास्त्रात विष्णूची चोवीस रूपं याच आयुधांच्या क्रमावरून ओळखतात. आणि हे गणित कुठल्या परदेशी पुस्तकातलं नाही, भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तलं आहे! त्यातल्या ‘अंकपाश’ या भागात हरीच्या चार हातांचं उत्तर २४ आणि शंभूच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचं उत्तर ३६,२८,८०० असं येतं. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात या भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद आहे. म्हणजे ज्या धड्याला आपण अकरावीत ऑप्शनला टाकलं, तो घरचाच निघाला.

“चार हातांना चोवीस आणि दहा हातांना छत्तीस लाख,” ताई म्हणाली. “पर्याय असे वाढतात. आपल्याला मनातल्या मनात त्याचा अंदाज येत नाही. जुगार त्यावरच चालतो.”

तीन ग्लास, तीस चिठ्ठ्या

मग तिनं स्टीलचे तीन ग्लास मागवले. प्रत्येकात शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या. प्रत्येक ग्लासातून एक चिठ्ठी काढायची. समजा ५, ३, ६ आले. बेरीज चौदा, शेवटचा अंक चार, म्हणून ‘आकडा’ चार. ते तीन अंक चढत्या क्रमानं लिहिले, ३५६, की झाली ‘पत्ती’. असं दोनदा केलं की दोन आकडे मिळून ‘जोडी’.

“पत्त्या एकूण किती?” ताईनं विचारलं. मित्राला पाठ होतं, “दोनशेवीस.”

“का?” हे मात्र त्याला माहीत नव्हतं. आजोबांनाही नव्हतं, आणि त्यांनी अकरा वर्षं वही लिहिली होती.

मोजून बघितलं. तिन्ही अंक वेगळे असतील, तर पहिला दहांपैकी, दुसरा नवांपैकी, तिसरा आठांपैकी. १० × ९ × ८ = ७२०. पण ३५६, ५३६, ६५३ हे सगळे क्रम लावून एकाच पत्तीत जातात. तीन अंकांचे सहा क्रम होतात, म्हणून ७२० भागिले ६, म्हणजे १२०. दोन अंक सारखे आणि एक वेगळा, उदाहरणार्थ ३३७: दोनदा येणारा अंक दहांपैकी, एकदा येणारा नवांपैकी, म्हणून ९०. तिन्ही सारखे: १०. आता हे तीन प्रकार ‘किंवा’नं जोडलेत, म्हणून बेरीज. १२० + ९० + १० = २२०.

“म्हणजे कुठलीही पत्ती लागायची शक्यता २२० त एक,” मित्र म्हणाला. मलाही तेच वाटलं. आणि आम्ही दोघंही सपशेल चुकलो.

कारण ग्लासातून चिठ्ठ्या निघतात, पत्त्या नाही. तीन ग्लासांतून निघायचे प्रकार १० × १० × १० = १,०००. त्यातल्या सहा प्रकारांनी ३५६ होते. ३३७ फक्त तीन प्रकारांनी. आणि ५५५? एकाच प्रकारानं. म्हणजे शक्यता अनुक्रमे हजारात सहा, तीन आणि एक. पडताळा बघा: १२० × ६ + ९० × ३ + १० × १ = १,०००. बरोब्बर!

दहावीच्या पुस्तकातला ‘नमुना अवकाश’ आठवतोय? ती व्याख्या आपण दोन मार्कांसाठी पाठ केली होती. त्यात ‘समसंभाव्य’ असा एक शब्द होता. सगळी मेख त्या शब्दात आहे. यादीत २२० नावं आहेत म्हणून प्रत्येकाला सारखी संधी मिळत नाही. अशीच चूक फ्रान्सच्या दालांबेर या मोठ्या गणितज्ञानं अठराव्या शतकात केली होती. नाणं दोनदा उडवल्यावर निदान एकदा छापा यायची शक्यता त्यानं तीनात दोन सांगितली. खरी आहे चारात तीन: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. त्यामुळे आपण चुकलो तर फार लाजायला नको. पण तो कागदावर चुकला होता, मित्र पैसे लावून चुकत होता.

नवाचा आणि दहाचा फरक

आता शेंगदाणे. मित्राला दोनशे दाणे दिले. ताई झाली बुकी. भाव नेहमीचाच: आकडा लागला तर एकाला नऊ. दर डावाला दहा दाणे लावायचे, लागला तर नव्वद मिळणार.

बाराव्या डावापर्यंत त्याचे दोनदा लागले. हातात २६० दाणे! “बघ, बघ!” म्हणून तो मांडी बदलून बसला. आजोबांचे डोळे चमकलेले मी स्वतः बघितले. त्यानंतरच्या पस्तीस डावांत मात्र एकदाच लागला आणि सत्तेचाळिसाव्या डावाला दाणे संपले. हो, सत्तेचाळिसाव्या! मित्रानं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, “यात अर्थ शोधू नकोस.”

तिनं आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. “आज तू जिंकलाही असतास. सत्तेचाळीस डावांत काहीही होऊ शकतं. म्हणून एका दुपारवरून काही सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते असं: समज, तू दहाच्या दहा आकड्यांवर दहा-दहा रुपये लावलेस. शंभर गेले. एक आकडा लागणारच, शंभर टक्के. मिळाले किती?”

“नव्वद.”

“लागणारच अशी खात्री असतानाही दहा रुपये गेले. जोडीचंही तेच. जोड्या शंभर, भाव एकाला साधारण नव्वद. शंभराच्या शंभर जोड्या लावल्यास तरी दहा टक्के बुकीचे. त्याला तुझा नंबर माहीत असायची गरजच नाही.”

दर शंभराला सरासरी नव्वदच परत येत असतील आणि आलेले पुन्हा लावले, तर हजार रुपयांचे तीस डावांनंतर सरासरी किती उरतात? ०.९ चा तिसावा घात. सुमारे बेचाळीस रुपये. कॅल्क्युलेटरवर करून बघा. मी तीनदा केलं.

सत्तेचाळीस का येत नाही?

आता मित्राचं मूळ वाक्य. ‘४५ दिवसांत ४७ आलेला नाही, आता लागणारच.’ यात दोन चुका आहेत.

पहिली: ४५ दिवस न येणं म्हणजे काहीतरी अडकलंय, असं त्याला वाटत होतं. मोजा. एका दिवशी ४७ न येण्याची शक्यता शंभरात नव्याण्णव. आज नाही ‘आणि’ उद्या नाही ‘आणि’ परवा नाही, म्हणून गुणाकार. ०.९९ स्वतःलाच ४५ वेळा गुणला की येतात सुमारे ०.६४. म्हणजे कुठलीही जोडी घ्या, ती ४५ दिवसांत न दिसणं हेच जास्त नेहमीचं आहे. एवढंच नाही, तर शंभर दिवस लावत राहिलात तरी एकदाही न लागण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के. ‘शंभरात एक’ म्हणजे शंभर दिवसांत एकदा नक्की, असं नसतं.

दुसरी चूक मोठी: चिठ्ठीला आठवण नसते. काल काय निघालं हे ग्लासाला माहीत नाही. नाणं सहा वेळा उडवलं तर २ × २ × २ × २ × २ × २ = ६४ क्रम होतात. ‘पाच काटे आणि मग छापा’ हा त्यातला एक. ‘सहाच्या सहा काटे’ हाही त्यातला एकच. पाच काटे आल्यावर हे दोनच क्रम उरतात आणि दोघांचं वजन सारखं. मग सहाव्याला छाप्याला जास्त संधी कुठून येणार?

हे न कळल्यानं हरलेला आमचा मित्र पहिला नाही. १९१३ मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेच्या चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. ‘आता लालच येणार’ म्हणत लोक पैसे वाढवत गेले आणि बुडत गेले.

“पण माझं फँटसीचं वेगळं होतं, त्यात स्किल आहे,” मित्रानं शेवटचा प्रयत्न केला. ताईनं मान्य केलं. क्रिकेट कळणारा माणूस चांगली टीम काढतो, हे खरंच. पण आधी मोजू या. बावीसांतून अकरा खेळाडू ७,०५,४३२ प्रकारे निवडता येतात. त्यातून कॅप्टन अकरांपैकी आणि व्हाइस कॅप्टन उरलेल्या दहांपैकी, म्हणून गुणिले ११० करा. ७,७५,९७,५२०. किपर, बॉलर किती हवेत वगैरे अटींनी हा आकडा कमी होतो, तरी प्रचंड राहतो. तुमच्या ज्ञानानं निरुपयोगी टीम्स गळतात, मान्य. पण समोरच्या लाखो जणांनाही क्रिकेट कळतं, त्यांच्याही त्याच गळतात. आणि समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास भरले, पाच हजार जमले आणि बक्षिसं सव्वाचार हजारांची असली, तर सगळ्यांचं स्किल एकत्र केलं तरी साडेसातशे कमीच.

नळाची गोष्ट

एवढा वेळ आजोबा गप्प होते. ताई चिठ्ठ्या गोळा करायला लागली, तेव्हा ते म्हणाले, “नळराजाची गोष्ट माहितेय का रे पोरांनो?”

महाभारतातली ही कथा त्यांनी कीर्तनात ऐकलेली. नळ फाशांच्या खेळात राज्य हरतो. त्याच्या अंगात कली शिरलेला असतो. पुढे रूप बदलून तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघं रथातून विदर्भात, कुंडिनपूरला निघालेले असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण झाडावर नुसती नजर टाकून पानं आणि फळं किती ते सांगतो. नळाला पटत नाही. तो रथ थांबवून मोजतो, तर संख्या बरोबर! तो ऋतुपर्णाकडून ती विद्या शिकतो. मोजणं आणि फाशांचं मर्म, दोन्ही. आणि ती विद्या मिळताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो.

“कीर्तनकार सांगायचे तेव्हा मला वाटायचं, हा काहीतरी मंत्र असणार,” आजोबा म्हणाले. “आज कळलं, तो मोजायला शिकला.”

पूर्वी याच बेहड्याच्या बियांचे फासे करायचे, हे मला ताईकडून कळलं. झाडही तेच आणि जुगारही त्याचाच. फरक एवढाच की एकानं ते मोजलं होतं.

शेवटी साधी बेरीज

मित्रानं आजोबांची वही बराच वेळ चाळली. मग म्हणाला, “आजोबा, यात आकडे आहेत. खर्च कुठे लिहिलाय?”

आजोबा हसले नाहीत. “तो लिहिला असता तर वही पहिल्याच महिन्यात बंद झाली असती, बाळा.”

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मित्रानं फोन काढला. त्याच्याकडे स्क्रीनशॉट होते, पण फक्त जिंकलेल्या दिवसांचे. एकूण किती गेले असतील, असं ताईनं विचारल्यावर तो ‘सात-आठ हजार’ म्हणाला होता. यूपीआयची हिस्ट्री उघडून आम्ही एकेक एंट्री कागदावर मांडली. दहा, पन्नास, दोनशे, पन्नास. गुणाकार नाही, घात नाही, नुसती बेरीज. जिंकलेले वजा करूनही ४१,३५० रुपये आले.

तो खूप वेळ त्या कागदाकडे बघत बसला. त्या रात्री त्यानं घरी फोन केला. वडील ओरडले, आई रडली. ग्रुपमधून तो आमच्यासमोरच बाहेर पडला आणि आमचे पाचशे-पाचशे अजून हप्त्यानं येतायत. ‘आता कायमचा सुटला’ असं मी लिहिणार नाही, कारण तो स्वतःच म्हणतो, “रोज संध्याकाळी सात वाजता हात फोनकडे जातो.” पण आता तो आधी तो कागद काढून बघतो.

परवा कँटीनला मी त्याला सहज विचारलं, “काय रे, सत्तेचाळीस आला का शेवटी?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “बघितलंच नाही.”

चौकट: तुम्हीच मोजा!

१. एटीएमचा चार अंकी पिन किती प्रकारे होतो? दहा गुणिले दहा गुणिले दहा गुणिले दहा, १०,०००. एकही अंक पुन्हा वापरायचा नसेल तर १० × ९ × ८ × ७ = ५,०४०. म्हणजे ‘अंक रिपीट करू नका’ या अटीनं चोराचं काम निम्म्यावर येतं!

२. वर्गात निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जायला किती जण लागतात? फक्त २३. कारण इथे माणसं मोजायची नाहीत, जोड्या मोजायच्या: २३ × २२ ÷ २ = २५३. उद्या वर्गात विचारून बघा.

३. पैसे लावणं थांबवता येत नसेल, झोप लागत नसेल, घरी सांगायची भीती वाटत असेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. कॉल मोफत आहे, चोवीस तास.